सिवेज पंप दर पंधरा दिवसांनी चोक होतो? पंप उघडायच्या आधी त्याचा फ्लो मोजा

गोव्यात पर्वरी, म्हापसा, कांदोळी या पट्ट्यात ज्या सोसायटीत जावं तिथे एकच रडगाणं, पंप परत चोक झाला. मग ग्रुपवर डायपर कोणी टाकला याची चौकशी, प्लंबर येतो, चेन ओढतो, चिंध्या काढतो, पंप खाली सोडतो, पैसे घेऊन जातो आणि पंधरा दिवसांनी परत तेच. चिंध्या येतात हे खरं, पण तसल्याच चिंध्या शेजारच्या सोसायटीतही येतात आणि तिथला पंप वर्ष वर्ष वर काढावा लागत नाही. बहुतेक वेळा फरक एवढाच असतो की तो पंप जोरात पाणी फेकतोय आणि तुमचा जेमतेम ढकलतोय.

इथे एक घोळ आधीच मिटवतो, कारण निम्म्या चुका यातूनच होतात. "कमी फ्लो" दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे सम्पमध्ये, म्हणजे सांडपाणी जमा होतं त्या टाकीत, पाणीच कमी येतं. आपल्याकडे हे कॉमन आहे, नाताळ ते नवीन वर्ष सगळे फ्लॅट फुल्ल आणि फेब्रुवारीनंतर अर्ध्या दारांना कुलुपं. दुसरा म्हणजे पंप चालू असताना पंपातूनच कमी पाणी जातं. पहिल्या प्रकाराने पंप मरत नाही, तो दिवसात थोडाच वेळ चालतो इतकंच. मारतो तो दुसरा. आणि गंमत अशी की लोक पहिल्यावर उपाय म्हणून जे करतात, व्हॉल्व अर्धा बंद करणं, व्हीएफडीवर (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) स्पीड उतरवणं, त्यानेच दुसरा प्रकार तयार होतो.

कमी फ्लोवर आत काय होतं

प्रत्येक सेंट्रिफ्युगल पंपाचा एक फ्लो असतो जिथे तो सगळ्यात सुखात चालतो. त्याच्या साधारण ७० ते १२० टक्क्यांच्या मध्ये ठेवला तर कुरकुर करत नाही. त्याच्या बराच खाली आणला की इम्पेलरच्या (पंपातलं पात्यांचं फिरतं चाक) तोंडाशी पाणी आत जायच्या ऐवजी तिथेच भोवरा करून फिरतं. त्या भोवऱ्यात वेट वाइप, मॉपचा दोरा, केस यांना पुढे ढकलणारा जोरच राहत नाही, सगळं पात्याच्या कडेला अडकून पीळ घेत बसतं. मी काढलेली एक गाठ हातभर लांब होती, बाहेरून केस, आत वाइप्स, मध्ये नारळाच्या सोडणाचे तंतू आणि हे सगळं तेलाने असं घट्ट बसलेलं की सुरी लावावी लागली, ओढून सुटेना.

झिजेचं कारणही तेच. फ्लो कमी झाला की केसिंगमधला (इम्पेलरभोवतीचं कवच) दाब सगळीकडून सारखा राहत नाही, शाफ्ट एका बाजूला ढकलला जातो, किंचित वाकून फिरतो, मग पाणी मोटरमध्ये जाऊ न देणाऱ्या मेकॅनिकल सीलच्या दोन चकत्या नीट टेकत नाहीत, बेअरिंगवर लोड येतो. आणि आपल्याकडे रेती. किनाऱ्याच्या हॉटेलांत पायाची रेती शॉवरमधून येते, आतल्या भागात पावसात चेंबरच्या झाकणातून लाल माती उतरते. फ्लो चांगला असेल तर ही रेती एकदा खरवडून बाहेर जाते, कमी असेल तर तीच रेती रगड्यात वाटण फिरावं तशी आतल्या आत फिरत राहते.

१. तयारी, आणि सम्पमध्ये कोणीही उतरणार नाही

हे आधी लिहितोय कारण इथे चूक झाली तर पुढचं काही वाचायची गरजच उरत नाही. सम्पमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण गॅस जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो हे फार कमी लोकांना माहीत असतं. म्हणून "वास नाही, उतर" हा हिशेब जीव घेतो. गटार नि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पंप चेनने वर येतो, यायलाच हवा, आणि गाईड रेल (पंप सरकत वर-खाली होतो ते पाइप) नाही म्हणून येत नसेल तर ती आधी बसवून घ्या.

हाताशी ठेवायचं सामान: टोंग टेस्टर (वायरभोवती लावून अँपिअर मोजायचा), मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचा), मोजपट्टी किंवा सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी, मोबाइलचं स्टॉपवॉच, टॉर्च, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) धोका आहे, हातावर जखम असेल तर दुसऱ्याला करायला सांगा. आणि पंपाच्या प्लेटचा फोटो. प्लेट गंजून वाचता येत नसेल तर स्टार्टर पॅनेलच्या दारामागे बघा, कधी कधी कागद तिथे चिकटवलेला असतो. मॉडेल नंबर मिळाला की डीलरकडून त्या पंपाचा कर्व्ह (किती उंचीला किती पाणी फेकतो त्याचा आलेख) मागवा, बहुतेक जण फोनवर पाठवतात.

चेक: पंपाला हात लावायच्या आधी एमसीबी बंद, फ्यूज खिशात. नुसता ऑटोचा स्विच बंद करून भागत नाही, फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा) हलला नि कोणीतरी स्विच ऑटोवर टाकला तर इम्पेलर तुमची बोटं विचारून फिरणार नाही.

२. पंप खालीच असू दे, आधी फ्लो मोजा

इथेच सगळे चुकतात. पंप वर काढला की पुरावा गेला. चोक व्हायच्या बेतात असतानाच मोजायचं असतं.

सम्पची लांबी रुंदी मोजा. समजा दीड मीटर बाय दीड मीटर आहे, म्हणजे पाणी १ सेंटिमीटर उतरलं की साडेबावीस लिटर गेलं. आता पंप बंद ठेवून ५ मिनिटात पाणी किती चढतं ते बघा. मग पंप मॅन्युअलवर चालू करून ४० सेंटिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते बघा.

एका सोसायटीत मला मिळालेले आकडे असे होते. पाच मिनिटात २ सेंटिमीटर चढलं, म्हणजे येणारं पाणी मिनिटाला ९ लिटर. पंपाने ४० सेंटिमीटर उतरवायला ९ मिनिटं घेतली, म्हणजे ९०० लिटरला ९ मिनिटं, मिनिटाला १००, त्यात येणारे ९ मिळवले की पंपाचा खरा फ्लो १०९ लिटर. कर्व्हवर त्या हेडला (पाणी जितकं उंच चढवायचं त्याला लागणारा दाब) साडेतीनशेच्या आसपास दिसत होतं. पंप एक तृतीयांशही देत नव्हता आणि सेक्रेटरी म्हणत होते पंप तर चालू आहे ना.

आता हाच फ्लो पाइपमध्ये किती वेगाने जातो ते काढा. सिवेजच्या डिलिव्हरी पाइपमध्ये वेग सेकंदाला निदान ०.६ ते ०.७ मीटर हवा, नाहीतर घाण तळाला बसते. एकदा बसलेली उठवायची तर १ मीटरच्या आसपास लागतो. आतून १०० मिमी पाइपला ०.७ मीटर वेग म्हणजे मिनिटाला साधारण ३३० लिटर, ८० मिमीला २१० लिटर. १०९ लिटर १०० मिमी पाइपमधून म्हणजे वेग ०.२३, पाइप नाही तो, आडवी सेप्टिक टाकी झाली.

लक्ष असू द्या: व्यास आतला धरायचा. ११० मिमीच्या एचडीपीई पाइपचा आतला व्यास ११० नसतो.

३. अँपिअर बघा आणि चोक कुठे आहे ते ठरवा

पंप चालू असताना तिन्ही फेजवर टोंग टेस्टर लावा. प्लेटवर ५ अँपिअर आहे आणि मीटर ३ ते साडेतीन दाखवतोय, पाणीही कमी, तर इम्पेलर मोकळा आहे पण पाणी पुढे जायला जागा नाही. व्हॉल्व, एनआरव्ही (पाणी परत येऊ न देणारा व्हॉल्व) किंवा पाइप चोक. सिवेज पंपाला पाणी कमी म्हणजे मोटरवर लोड कमी, त्यामुळे स्टार्टर ट्रिप होत नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. उलट अँपिअर प्लेटपेक्षा जास्त, सुई हलतेय, पंप घरघरतोय, तर चिंधी इम्पेलर आणि केसिंगच्या मध्ये आहे. अँपिअर कमी आणि सम्पमध्ये एका जागी पाणी उकळल्यासारखं वर येतंय असं दिसलं तर पंप खालच्या बेंडवर (डिलिव्हरी पाइपचं सम्पच्या तळाशी बसवलेलं वाकडं तोंड) नीट बसलेला नाही, फ्लँजमध्ये काहीतरी अडकलंय आणि पाणी तिथल्या तिथे परत येतंय. हे मी कितीतरी वेळा बघितलंय, पंप साफ करून घाईत सोडला की हटकून होतं. वर ओढा, बेंडचं तोंड प्रेशरने धुवा, परत सोडा.

एका फेजवर जास्त नि दुसऱ्यावर कमी असेल तर ते इलेक्ट्रिशियनचं काम, पंप उघडून फायदा नाही.

आणि पंप उलटा फिरतोय का हे विसरू नका. उलटा फिरला तरी थोडं पाणी फेकतोच, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. विशेषतः मेनवर सुलटा आणि जनरेटरवर उलटा असा प्रकार सोसायट्यांमध्ये असतो. पंप चेनवर लटकवून क्षणभर चालू करा, केसिंगवरच्या बाणाच्या विरुद्ध दिशेला झटका बसला तर बरोबर. दोन्ही सप्लायवर बघा. उलट असेल तर त्या सप्लायच्या दोन फेज बदला. झटका बघताना हात चेनवर नको, दूर उभं राहा.

४. फ्लो कशाने कमी झालाय ते शोधा

जास्त वेळा सापडतं त्या क्रमाने लिहितो.

पहिला संशयित डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व. हा अर्धा बंद का असतो त्याची गोष्ट ऐका. बिल्डरने हेड लावताना हात सैल सोडलेला असतो, चढ ७ मीटरचा आणि पंप १८ मीटरचा. असा पंप मोकळा सोडला की गरजेपेक्षा खूप जास्त पाणी फेकतो, अँपिअर चढतात, ओव्हरलोड ट्रिप होतो. मग कोणीतरी हुशार माणूस व्हॉल्व आवळत आवळत आणतो, ट्रिप थांबतं, सगळे खूश. आता त्या अर्ध्या उतरलेल्या गेटच्या कडेला पहिली चिंधी अडकते, तिच्यावर दुसरी, आणि महिन्याभरात व्हॉल्वचं भोक जेमतेम उरतं. वर आकडे दिले त्या सोसायटीत हेच निघालं. "पात्रांव, हो व्हॉल्व उगडल्यार ट्रिप जाता," (साहेब, हा व्हॉल्व उघडला की ट्रिप होतो) असं ऑपरेटर मला पहिल्याच दिवशी सांगत होता, मीच त्याचं म्हणणं मनावर घेतलं नाही आणि आधी पंप वर ओढून दोन तास घालवले. सिवेजच्या लाईनवर गेट व्हॉल्व एक तर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही. पंप जास्त मोठा असेल तर इम्पेलर लेथवर कमी करून घेता येतो का हे कंपनीला विचारा, किंवा पंपच बदला.

दुसरा व्हीएफडी. वीज वाचते म्हणून ५० चे ३५ हर्ट्झ करून ठेवतात. स्पीड ७० टक्के झाला की फ्लो ७० टक्के होतो असं वाटतं, पण हेड स्पीडच्या वर्गाने पडतं, म्हणजे ४९ टक्के. समजा पंप बंद व्हॉल्ववर १८ मीटर दाब देतो, तर ३५ हर्ट्झवर उरले पावणेनऊ. आणि तुमचा सरळ चढ १० मीटरचा असेल तर पंप फिरेल, आवाज येईल, मीटर पडेल, पाणी एक थेंब वर जाणार नाही, आतल्या आत गरम होत बसेल. व्हीएफडी ठेवायचाच तर कमीत कमी फ्रिक्वेन्सी अशी लॉक करा की पाइपमध्ये ०.७ चा वेग मिळेलच, आणि प्रत्येक स्टार्टला पहिलं अर्धं मिनिट फुल स्पीड.

तिसरा, दोन्ही पंप एकदम चालू. "एक कमी पडतो म्हणून दोन लावले." पाइप एकच असेल तर दोन पंपांनी पाणी दुप्पट होत नाही, प्रत्येकाच्या वाट्याचा फ्लो मात्र घटतो, आणि त्यातला झिजलेला पंप तर नुसता ढवळत बसतो. स्टँडबाय हा स्टँडबायच राहू द्या, पाळीपाळीने चालवा.

एनआरव्ही उघडून बघायला विसरू नका, दहा मिनिटांचं काम. बॉल चिकटलाय की तळाशी खडी बसलीय, तेवढंच. पूर्ण बंद होत नसेल तर वर गेलेलं पाणी परत सम्पमध्ये येतं आणि पंप तेच पाणी दिवसभर चढवत बसतो.

शेवटी पाइप. रेस्टॉरंट असलेल्या इमारतीत ग्रीस ट्रॅप (किचनच्या पाण्यातलं तेल अडवणारी टाकी) भरून वाहत असतो, नारळाचा चोथा, माशांचे खवले आणि तेल एकत्र पाइपमध्ये थापलं जातं. पंपाला दोष देऊ नका, लाईन जेटिंग (जोराच्या पाण्याने आतून धुणं) करून घ्या आणि ग्रीस ट्रॅपची चावी किचनच्या माणसाकडून काढून घ्या (हे शेवटचं जमवणं सगळ्यात कठीण).

५. आता पंप वर काढा आणि झीज बघा

एमसीबी बंद आहे ना, परत बघा.

पंप धुऊन घ्या आणि चिंध्या काढायच्या आधी फोटो काढा. गाठ पात्याच्या पुढच्या कडेला आहे की इम्पेलरच्या मागे, यावरून बरंच कळतं. पुढच्या कडेला पीळ घेतलेली असेल तर कमी फ्लोचा संशय धरा. मागे, शाफ्टभोवती असेल तर वेअर प्लेट (इम्पेलरला लागून असलेली, झिजायलाच ठेवलेली चकती) आणि इम्पेलरमधली फट वाढलीय का बघा. ही फट फीलर गेजने चारी बाजूंनी मोजायची, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायची. फट वाढली की पाणी तिथून मागे पळतं, फ्लो आणखी घटतो, चिंध्या आणखी अडकतात. बऱ्याच पंपांत वेअर प्लेट बोल्टने जवळ घेता येते, नवीन इम्पेलर घ्यायच्या आधी ते करून बघा. पात्याची कड बोटाने चाचपा, हातमोज्यावरूनही कळते. बोथट झाली असेल, खाचा पडल्या असतील तर तिथेच पहिला केस अडकतो.

ऑइल चेंबरचा स्क्रू उघडा. तेल दुधासारखं पांढरं आलं तर खालच्या सीलमधून पाणी आत गेलंय. सील बदला, नुसतं तेल बदलून पंप परत सोडू नका, पुढच्या खेपेला वाइंडिंग जळतं. मेगर १ मेगाओमच्या खाली असेल तर पंप चालू करायचाच नाही.

आणखी एक, फट एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, किंवा केसिंग एकाच बाजूने घासलेलं दिसलं तर नुसती रेती नाही, शाफ्ट ढकलला गेलाय. सील बदलला आणि फ्लो तसाच ठेवला तर नवीन सीलही जाणार, मी लिहून देतो.

६. फ्लोट परत लावा

पंप मोकळ्या व्हॉल्ववर साडेतीनशे लिटर फेकायला लागला की पुढची तक्रार येते, आता दोन मिनिटात बंद होतो. होऊ दे. साठ फ्लॅट, पाच माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, त्याचं ८० टक्के सांडपाणी धरलं तर दिवसाला ३२,४०० लिटर होतात. ऑफ सीझनला पंधरा फ्लॅट, तीन माणसं, म्हणजे ४,८६० लिटर. एवढं पाणी साडेतीनशेच्या पंपाला चौदा मिनिटांचं काम आहे. दिवसात चौदा मिनिटं पण जोरात, हे दिवसभर रडत चालण्यापेक्षा कितीतरी बरं.

फ्लोट लावताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, तासाला स्टार्ट किती, छोट्या पंपाला दहाच्या आत ठेवा. दुसरी गोष्ट कोणी बघतच नाही, एका खेपेला फेकलेलं पाणी पाइपात मावणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त हवं. १०० मिमीचा ६० मीटर पाइप म्हणजे आत ४७० लिटर. तुमचा फ्लोट दोनशे लिटरला बंद होत असेल तर तीच घाण पाइपात अर्धा दिवस मुक्काम करते, बसते, कुजते. आम्ही ९०० वर लावला. वास थोडा वाढतो, त्यासाठी व्हेंट पाइप मोकळा आहे ना ते बघा.

चेतावणी: बंद व्हायची लेव्हल पंपाच्या केसिंगच्या खाली नेऊ नका. आठवड्यातून एकदा वरची साय ओढून घ्यायला पाणी आणखी खाली न्यायचं असेल तर मॅन्युअलवर, हात स्विचवर ठेवून, पंप हवा ओढायला लागला की लगेच बंद.

७. नवीन पंप घ्यायचाच असेल तर

पंप येणाऱ्या पाण्यावर निवडू नका, पाइपच्या वेगावर निवडा. वरच्या साठ फ्लॅटना पीकला, म्हणजे सगळ्यात जास्त वापराच्या वेळेला, तिप्पट धरलं तरी मिनिटाला ६७-६८ लिटरच येतात, पण १०० मिमी पाइप असेल तर पंप ३३० चाच लागणार. पाणी खरंच कमी असेल, छोटं गेस्ट हाऊस, चार बंगले, तर पाइप लहान करून ग्राइंडर पंप (कटरने घाण बारीक करून फेकणारा) लावा. ५० मिमीला ०.७ चा वेग मिनिटाला ८२-८३ लिटरमध्ये मिळतो. मात्र साधा पंप ५० मिमीच्या पाइपवर कधीच नको. आणि रेती येत असेल तर ग्राइंडरच्या आधी रेती बसायला चेंबर करा, नाहीतर कटरची धार एका सीझनमध्ये जाते. व्होर्टेक्स इम्पेलर (मागे सरकवलेला, पाण्याचा भोवरा करून फेकणारा) चिंध्यांना बरा, वीज जास्त खातो, छोट्या सोसायटीला ते परवडतं. पण त्यालाही व्हॉल्व आवळून चालवलात तर आत गोळा होणारच.

८. रोजचं रजिस्टर

ऑफ सीझनला दोन्ही पंप आठवड्यातून एकदा तरी चालवा, पडून राहिला की सील चिकटतो, स्टार्टला फाटतो. चवथीच्या (गणेशचतुर्थी) आणि नाताळच्या आधी आठवडाभर मोजमाप करून ठेवा, नेमके त्या दिवसात प्लंबर फोन उचलत नाहीत.

पंप साफ असताना ४० सेंटिमीटर उतरायला किती वेळ लागला तो आकडा पॅनेलच्या दारावर मार्करने लिहा. आमच्या त्या सोसायटीत लिहिलंय २ मिनिटं ४० सेकंद, खाली अँपिअर ४.६. ऑपरेटर दर सोमवारी मोजतो. चार मिनिटं झाली की पाणी चढायची वाट न बघता आधी व्हॉल्व, मग एनआरव्ही, आणि तिथे काही नाही सापडलं तरच चेन.